कोल्हापूरच्या राजारामपुरीतला मुलांच्या दातांचा दवाखाना : चौदा महिन्यांचा अनुभव

या दवाखान्याशी माझी पहिली गाठ फोनवर पडली. गेल्या वर्षीचा जानेवारी, संध्याकाळचे ६ वाजून २७ मिनिटं. वेळ इतकी नेमकी सांगता येते कारण मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे, वेळ आणि रक्कम लिहून ठेवायची हाताला सवय आहे, आणि त्या दिवसाचे सगळे कॉल मी रात्री फोनमध्ये बघून वहीत उतरवले. पुढं कळलं की मुळासकट पडलेल्या दाताच्या बाबतीत डॉक्टरांचा पहिला प्रश्न वेळेचाच असतो.

दवाखान्याचं नाव इथे लिहीत नाही. डॉक्टर मॅडमना विचारलं होतं, त्या म्हणाल्या, "अनुभव लिहा, नाव नको." ओळखीतल्या ज्यांना ज्यांना हवं होतं त्यांना मी ते दिलं आहे.

माझा मुलगा ओंकार तेव्हा अकरा वर्षांचा, सहावीत. शिवाजी पेठेत घर आहे म्हटल्यावर पोरगं फुटबॉल खेळणारच. शाहू स्टेडियमवर सामने सुरू झाले की आमच्याकडे पहिली-दुसरीतली पोरंसुद्धा पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा असल्या कुठल्या तरी एका तालमीच्या फुटबॉल संघाची होऊन बसतात. शाळा सुटली, दप्तर टाकलं, की गांधी मैदान. त्या दिवशी वरून आलेल्या चेंडूला हेड मारायला दोघं एकदम उडाले आणि दुसऱ्या मुलाचं कपाळ ओंकारच्या तोंडावर बसलं. वरचा पुढचा उजवा दात मुळासकट निघून मैदानात पडला. कोचनी सांगितलेली वेळ ६ वाजून १२ मिनिटं.

"ताई, ओंकारला लागलंय, जरा या लवकर," एवढंच कोच फोनवर बोलले. मी पोचले तेव्हा पोरगा पायरीवर बसला होता, शर्ट तोंडाला लावलेला, शर्ट लाल झालेला. अंधारून येत होतं. पाच-सहा मुलं मोबाईलचे टॉर्च लावून मातीत दात शोधून मोकळी झाली होती. त्यातला एक जण माझ्याजवळ आला, मूठ उघडली आणि म्हणाला, "काकी, सापडला. जर्सीला पुसून स्वच्छ करून ठेवलाय." त्या लेकरानं जे केलं ते किती मायेनं केलं होतं! आणि नेमकं तेच करायचं नव्हतं, हे मला पुढच्या दहा मिनिटांत कळलं.

पहिला फोन मी आमच्या नेहमीच्या ठिकाणी केला, जिथे आम्ही दाढा भरायला जातो. तिथल्या मुलीनं सांगितलं, डॉक्टर निघालेत, उद्या सकाळी दहाला घेऊन या, दात तर पडलाच आहे, आता घाई करून काय होणार. मला ते पटलं. खरंच पटलं. पडलेला दात म्हणजे गेलेला दात, असंच मी चाळीस वर्षं समजत आले होते. मी तो दात कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकणारच होते. तेवढ्यात माझ्या जाऊबाईंचा फोन आला. त्या एका इस्पितळात स्टाफ नर्स आहेत. त्या ओरडल्याच, "उद्या नाही, आत्ता! हा नंबर घे, मुलांच्या दातांच्या डॉक्टर आहेत, राजारामपुरीत."

म्हणजे ६:२७ चा तो फोन. पलीकडे रिसेप्शनच्या ताई होत्या. आधी नाव-गाव नाही, अपॉइंटमेंट आहे का नाही, काही नाही. मी एवढंच म्हटलं की मुलाचा दात पडलाय, आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"वय किती?"

"अकरा."

"बेशुद्ध पडला होता का? उलटी झाली? आता नीट बोलतोय?"

"रडतोय, पण सगळ्यांना ओळखतोय."

"दात तुमच्याकडे आहे? अख्खा आहे, मूळ दिसतंय?"

"आहे, माझ्या हातातच आहे."

"मुळाला हात लावू नका ताई. चावायच्या पांढऱ्या बाजूनं धरा. आता पुसू नका, घासू नका, साबण-डेटॉल काही नको. जवळ दूध मिळेल? माती असेल तर दुधात एकदा बुडवून हलकेच हलवा. मग जमत असेल तर दात तिथल्या तिथे खड्ड्यात परत बसवा. समोरची बाजू समोर, शेजारच्या दाताकडे बघून. आणि स्वच्छ रुमालावर चावून धरायला सांगा. नाहीच जमलं तर दुधात टाकून या. मॅडमना मी थांबवून ठेवते."

माझ्या फोनमध्ये तो कॉल १ मिनिट ५० सेकंदांचा दिसतो. या दवाखान्याला मी पाच तारे देते त्यातले दोन त्या एक मिनिट पन्नास सेकंदांचे आहेत. मोठ्या डिग्रीचा डॉक्टर आत बसलेला असून काय उपयोग, जर दारावरचा माणूस तुम्हाला उद्या या म्हणत असेल? नंतर मी त्या ताईंना विचारलं की हे तुम्हाला कुणी शिकवलं. त्या म्हणाल्या, नोकरीला लागल्या त्या पहिल्या आठवड्यात मॅडमनी त्यांच्याकडून हे सगळं पाठ म्हणून घेतलं होतं, आणि टेबलावर काचेखाली तो कागद आजही आहे. मी पाहिलाय. प्रश्नांचा क्रमसुद्धा ठरलेला आहे. बेशुद्धी आणि उलटीचा प्रश्न दाताच्या आधी, कारण डोक्याला मार असेल तर दात राहू दे, आधी मोठं इस्पितळ.

दात जागेवर बसवायचा मी प्रयत्न केला. ओंकार हात झटकत होता, रक्त थांबत नव्हतं, माझी बोटं थरथरत होती. एकदा लावून पाहिला, तो किंचाळला, मी सोडून दिलं. तोवर भोवती माणसं जमली होती. दूध पाहिजे म्हटल्यावर एक आजोबा लगेच गाडीला किक मारायला निघाले, "गंगावेशीतनं धारोष्ण आणतो की, दोन मिनिटांत!" कोल्हापूरकराला दूध म्हटलं की तिथला ताज्या दुधाचा कट्टाच आठवणार, आणि त्यांचा भाव तर सोन्यासारखा होता. पण फोनवर ताईंनी आधीच बजावलं होतं, "फ्रीजमधलं पिशवीचं गार दूध घ्या." कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून गोकुळची अर्ध्या लिटरची पिशवी घेतली. दुकानदारानं स्वतःच्या जेवणाच्या डब्यातला झाकणाचा पुडा धुऊन दिला. ६:३४ ला दात दुधात गेला. म्हणजे बावीस मिनिटं तो कोरडा होता, त्यातली बरीचशी एका मुलाच्या घामेजल्या मुठीत.

रिक्षातून मी, ओंकार आणि कोच. मिरजकर तिकटी, मग उमा टॉकीजचा सिग्नल, संध्याकाळची गर्दी. मांडीवर तो डबा धरून बसले होते. ६:५८ ला पोचलो.

आता दवाखान्याविषयी. पहिल्या मजल्यावर आहे, जिना उभा आणि अरुंद आहे, लिफ्ट नाही. खाली गाडी लावायला जागा नाही. संध्याकाळी तर नाहीच, त्यामुळं रिक्षानं जाणं सोयीचं. रक्तानं माखलेल्या पोराला घेऊन तो जिना चढताना मी मनात खूप बोलले, आणि नंतर मॅडमना तोंडावरही बोलले. वर गेल्यावर मात्र काही शोधावं लागत नाही. बाहेरच्या खोलीत सात-आठ माणसं होती. ताईंनी माझ्या हातातला डबा बघितला आणि आम्हाला थेट आत नेलं. कुणी एक शब्द बोललं नाही. एका आजींनी तर उठून ओंकारच्या पाठीवरून हात फिरवला.

मॅडमनी आत गेल्या गेल्या तीन प्रश्न विचारले: कधी पडला, किती वेळ कोरडा होता, कशात ठेवला होता. मी मिनिटांसकट सांगितलं. जर्सीला पुसल्याचंही सांगितलं, लपवलं नाही. मग छोटा एक्स-रे काढला, हाड मोडलं नाही ना बघायला. भूल दिली. दात सलाइननं धुतला, तोही मुळाला न धरता. जबड्यातल्या खड्ड्यात रक्ताची गुठळी झाली होती ती पाण्याच्या धारेनं साफ केली आणि बोटानं दाबत दाबत, अगदी सावकाश, दात आत बसवला. परत एक्स-रे. मग दोन्ही बाजूंच्या दातांना धरून एक बारीक तार, दातांच्याच रंगाच्या सिमेंटनं चिकटवली. मला वाटलं होतं चांगली जाड पट्टी घालतील. मॅडम म्हणाल्या, "तार मुद्दाम लवचिक घेतो. दात किंचित हलता राहिला पाहिजे. घट्ट आवळला तर हाडाला चिकटून बसायची भीती असते. दोन आठवड्यांनी काढायची." खालचा ओठ आतून फाटला होता, तिथे दोन टाके घातले. धनुर्वाताचं विचारलं. दहाव्या वर्षी शाळेत दिलेली लस कार्डावर होती, म्हणून वेगळं इंजेक्शन लागलं नाही. अँटिबायोटिक लिहून दिलं. ७:५० ला आम्ही बाहेर.

उपचारापेक्षा मला जास्त भावलं ते त्यानंतरचं. बाहेर माणसं थांबलेली असताना मॅडमनी आम्हाला दहा मिनिटं बसवून समजावलं. आंब्याची कोय आठवा, म्हणाल्या. कोयीला जसे केसर असतात तसे दाताच्या मुळाभोवती बारीक तंतू असतात, तेच दाताला हाडाशी बांधून ठेवतात. दात निघतो तेव्हा ते तुटतात, अर्धे मुळावर राहतात, अर्धे खड्ड्यात. मुळावरचे जिवंत असतील तर दोन्हीकडचे परत जुळून येतात. म्हणून मूळ पुसायचं नाही, खरवडायचं नाही. हवेत कोरडं राहिलं की ते मरतात. तासभर कोरडा राहिलेल्या दातावर जिवंत असं फारसं काही उरत नाही, पंधरा मिनिटांच्या आत परत बसला तर सगळ्यात चांगलं. साध्या पाण्यात ठेवला तर त्या तंतूंमधल्या जिवंत पेशी पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात. दुधातले क्षार शरीरातल्या पाण्याच्या जवळपास जातात, म्हणून दुधात त्या काही तास तग धरतात. गार हवं, तापवून निर्जंतुक केलेलं हवं, नासकं-आंबट नको. धारोष्ण दूध प्यायला कितीही चांगलं असलं तरी ते कोमट असतं आणि कच्च्या दुधात जंतू असतात, ते उघड्या जखमेत कशाला घालायचे? दूध नाहीच मिळालं तर पेल्यात त्याच मुलाची थुंकी आणि त्यात दात, तेही जमलं नाही तर सलाइन. अगदीच काही नसेल तर कोरडा ठेवण्यापेक्षा पाणीसुद्धा परवडलं. माझा भाऊ स्टुटगार्टला असतो. त्याच्या मुलीच्या शाळेत अशा वेळी दात ठेवायला द्रव भरलेली खास डबी असते, हे तो ऐकल्यावर म्हणाला. आपल्याकडे कोपऱ्यावर दुधाची पिशवी आहे, तीही काही कमी नाही.

आणि मग मॅडम म्हणाल्या, "दात बसलाय. वाचला, असं मी आज म्हणणार नाही." बावीस मिनिटं आणि जर्सी, हे दोन्ही त्यांनी केसपेपरवर लिहिलं होतं. पुढं काय काय होऊ शकतं ते त्यांनी ओंकारच्या समोरच सांगितलं. मूळ हळूहळू विरघळू शकतं. किंवा दात हाडाला सांधला जाऊ शकतो. तसं झालं तर वाढत्या मुलात शेजारचे दात खाली येत राहतात आणि तो मात्र वरच अडकून आखूड दिसायला लागतो. निदान पाच वर्षं लक्ष ठेवावं लागेल. त्या रात्री मला ते ऐकून रडू आलं. आज वाटतं, त्या दिवशी खोटा धीर दिला असता तर पुढच्या प्रत्येक तपासणीला मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नसता.

दहाव्या दिवशी रूट कॅनॉल सुरू केलं, तार असतानाच. या वयात मुळाचं टोक बंद झालेलं असतं, तुटलेली नस परत जुळत नाही, आणि मेलेली नस आत ठेवली तर पू होऊन मूळ खराब होतं. सात-आठ वर्षांचं मूल असतं आणि मुळाचं टोक उघडं असतं तर आम्ही थांबून वाट बघितली असती, असंही मॅडमनी सांगितलं. आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध भरून ठेवलं आणि महिनाभरानं कायमचं भरण. चार बैठका झाल्या.

ओंकारला सुईची फार भीती. पहिल्या दिवशी सगळं धक्क्यातच झालं होतं, पण या वेळी तो खुर्चीत बसेचना. मॅडम त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या, त्याच्याशी शाहू स्टेडियमवरच्या मॅचबद्दल बोलल्या, आणि मग म्हणाल्या, "तू डावा हात वर केलास की मी थांबणार. लगेच. कशासाठी केला ते विचारणार नाही." त्यानं तीनदा हात वर केला. पहिल्यांदा दुखलं म्हणून. दुसऱ्या दोन वेळा, मला खात्री आहे, त्या खरंच थांबतात का ते बघायला. त्या तिन्ही वेळा थांबल्या. चौथ्यांदा त्यानं हात वर केलाच नाही. मी कोपऱ्यात बसून हे बघत होते. लहानपणी आम्हाला दातांच्या डॉक्टरकडे दोघं जण धरून बसवायचे, तो सगळा काळ माझ्या डोळ्यांपुढून गेला.

घरचे दोन आठवडे सगळ्यात अवघड. मऊ भात, वरण, शिरा, दुधात कुस्करलेली भाकरी. पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही. मिसळ बंद, रविवारच्या मटणातलं हाड बंद. आणि जानेवारी म्हणजे उसाचे दिवस. आमच्या गावाकडून मोळी आली होती, आणि आमच्याकडची पोरं ऊस सोलतात ते पुढच्याच दातांनी. मॅडमनी ते न सांगता ओळखलं, तोंडी सांगितलं आणि कागदावर अधोरेखित करून दिलं: ऊस दातानं सोलायचा नाही, तार निघाल्यावरही नाही. सासूबाईंनी त्याला कोयत्यानं गंडेऱ्या करून दिल्या, त्याही मागच्या दाढेनं चघळायला, आणि तेही महिन्याभरानं. मऊ ब्रश, आणि दिवसातून दोनदा क्लोरहेक्सिडीनच्या पाण्याच्या चुळा. त्या चुळांनी चव जाते आणि दातांवर तपकिरी छटा येते, ती नंतर साफ करून देतात. हे आधी सांगितलं असतं तर माझी एक रात्र शांत गेली असती. मला वाटलं होतं, दातच काळा पडायला लागला.

सासूबाईंचं पहिल्या दिवशी म्हणणं होतं की पडलेला दात कौलावर टाकायचा, म्हणजे नवा चांगला येतो. त्यांच्या लहानपणापासून घरात तेच चालत आलंय आणि दुधाच्या दाताला ते ठीकच आहे. पण अकराव्या वर्षी समोरचा पडलेला दात दुधाचा नसतो. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत वरचे पुढचे पक्के दात आलेले असतात, त्यानंतर पडला तर मागून येणारा दुसरा नाही. हे मॅडमनी सासूबाईंना फोनवर स्वतः समजावलं, मोठ्या माणसाशी बोलावं तसं. दुधाच्या दाताचं नेमकं उलट. एकदा आम्ही थांबलो असताना एक आई तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आली, झोपाळ्यावरून पडून दात निघालेला, आणि त्या बिचारीनंही तो दुधात घालून आणला होता. मॅडमनी तो बसवला नाही. दुधाचा दात परत खुपसला तर वर तयार होत असलेल्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते. पण तिला त्यांनी परत पाठवलं नाही. हिरडी तपासली, एक्स-रे काढला आणि दात अख्खा आहे ना, तुकडा आत राहिला किंवा गिळला नाही ना, याची खात्री करून घेतली.

पैशाचं सांगते, कारण मला इतरांच्या अनुभवात तेच कधी वाचायला मिळत नाही. पहिल्या संध्याकाळचे एक्स-रे, टाके, तार धरून ४,२०० रुपये. रूट कॅनॉल ५,५००. तपासणीला दर वेळी ३००, एक्स-रे काढला तर वेगळे. माझी एक तक्रार इथे आहे. रूट कॅनॉल लागणार हे पहिल्या दिवशी सांगितलं, पण किती लागणार हे दहाव्या दिवशी खुर्चीत बसल्यावर कळलं. महिनाअखेर होती. मी ताईंना स्पष्ट सांगितलं की हा आकडा पहिल्याच दिवशी कागदावर हवा. मॅडमनी ऐकून घेतलं, दोन हप्ते करून दिले. आणि गेल्या दिवाळीत माझ्या मैत्रिणीच्या मुलाचं काम निघालं तेव्हा तिच्या हातात पहिल्याच दिवशी लिहिलेला अंदाज पडला. ज्यांना हा खर्च झेपणार नाही त्यांच्यासाठी मॅडम स्वतःहून शासकीय दंत महाविद्यालयांचं नाव काढतात. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला ती आहेत. कोल्हापूरहून मात्र ते सगळं लांबच पडतं, आणि दात तेवढा वेळ थांबत नाही. म्हणून पहिली मलमपट्टी इथे करून पुढच्या उपचारांना तिकडे गेलेले पेशंटही त्यांच्याकडे आहेत.

शनिवारी जाऊ नका. अपॉइंटमेंट असूनही आम्ही एकदा पन्नास मिनिटं बसलो. अर्थात आमच्यासारखा कुणी मधेच डबा घेऊन येत असेल तर मला आता ते बोलायचा हक्क नाही. रविवारी बंद, पण फोन रिसेप्शनच्या ताईंकडे वळवलेला असतो. तारेचं टोक सुटून ओठाला टोचायला लागलं तो नेमका रविवार होता. ताईंनी मॅडमना विचारून पाच मिनिटांत परत फोन केला, केमिस्टकडे मिळणारं दातांच्या तारेचं मेण त्या टोकावर दाबून बसवायला सांगितलं, आणि सोमवारी सकाळी पहिला नंबर दिला.

रूट कॅनॉल संपल्यावर खेळायचं कसं, हा घरातला मोठा प्रश्न होता. माझ्या मनात फुटबॉल बंद करायचं होतं. मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बंद केलंत तर तो लपून खेळेल की नाही?" मग जबड्याचा साचा घेऊन माउथगार्ड, म्हणजे खेळताना दातांवर घालायचं कवच, करून दिलं, १,८०० रुपये. क्रीडा साहित्याच्या दुकानात गरम पाण्यात मऊ करून घालायचं मिळतं, ते आधी मी घेऊन पाहिलं होतं. ते सैल होतं, ओंकार ते खिशात ठेवायचा. हे घट्ट बसतं. पहिला आठवडा त्याला पास मागायला ओरडता येत नव्हतं, आता येतं. उंची वाढेल आणि दात सरकतील तसं दीड-दोन वर्षांनी नवं लागेल, हे या वेळी आधीच सांगितलंय.

निघताना प्रत्येक पालकाच्या हातात इथे मराठीतलं एक पान ठेवतात, मोठ्या अक्षरात. पक्का दात पडला तर काय करायचं, एवढंच त्यात आहे. आंतरराष्ट्रीय दंत-आघात संघटनेच्या २०२० च्या सूचनांवरून मॅडमनी स्वतः ते लिहून काढलंय. त्याच संघटनेचं टूथ-एसओएस नावाचं मोफत ॲपही त्यांनी माझ्या फोनवर घालून दिलं. त्या पानाच्या मी पतसंस्थेशेजारच्या झेरॉक्समध्ये चाळीस प्रती काढल्या. तालमीत लावली, ओंकारच्या शाळेत पी.टी.च्या सरांना दिली, त्या किराणा दुकानदारालाही दिली. दुकानदारानं ती दुधाच्या फ्रीजच्या दारावर चिकटवलीय. जर्सीला दात पुसणाऱ्या त्या मुलाला मी घरी बोलावून वेगळी प्रत दिली, आणि आधी त्याचे आभार मानले, कारण अंधारात त्यानं तो शोधला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पान वाचून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काकी, म्हणजे माझ्यामुळं?" मी त्याला मॅडमकडेच घेऊन गेले. मॅडमनी त्याला खुर्चीत बसवून, एक्स-रे दाखवून, दात कसा धरायचा ते प्लास्टरच्या जबड्यावर करून दाखवलं. त्याचे पैसे घेतले नाहीत.

या जानेवारीत वर्ष झालं म्हणून तपासणी झाली. एक्स-रेत मूळ शाबूत दिसतंय, एका बाजूला किंचित खडबडीत रेघ आहे, तिच्यावर मॅडमचं लक्ष आहे. मग त्यांनी आरशाच्या दांड्यानं आधी डावा दात वाजवला, मग उजवा. हाडाला सांधलेला दात वेगळा वाजतो, चढ्या, धातूसारख्या आवाजात. ओंकार दर वेळी डोळे मिटून ऐकतो आणि मॅडमच्या आधी निकाल सांगतो. या वेळीही तो म्हणाला, "सेम." मॅडमनी आणखी एकदा वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, "सेम." पुढची तारीख जुलैतली आहे, मंगळवार मागून घेतलाय.